श्रमिकाचे मत आणि आमचे वाचन

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरून आदिलाबादकडे जाणारा फाटा मुदखेडला फुटतो. त्या फलाटावर हमाल, बांधकामावरचे मजूर, फुलांची गाठोडी सांभाळणाऱ्या बाया गाडीची वाट पाहत बसलेल्या असतात. निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्या गप्पा कानी पडल्या, की विद्वानांचे एक लाडके वाक्य आम्हांस आठवते : गरीब माणूस स्वतःच्याच हिताविरुद्ध मत देतो. हे वाक्य आम्हीही वर्गात अनेकदा उच्चारले आहे. आज ते आम्हांस अपुरे वाटते, आणि काहीसे उद्धटही.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेड जिल्ह्यात विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. नांदेड लोकसभा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. लोकसभेची जागा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी १,४५७ मतांनी राखली. म्हणजे एकाच केंद्रात, एकाच रांगेत उभे राहून कित्येकांनी दोन वेगळी मते दिली. दरमहा दीड हजार रुपयांनी मते विकत घेतली म्हणावे, तर दुसरे मत का निसटले? धर्माच्या नावाने भुलले म्हणावे, तर ती भूल अर्धीच कशी चढली? खासदार वसंतराव चव्हाण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले होते आणि त्यांच्या जागी त्यांचा मुलगा उभा होता, हे येथे विसरून चालत नाही. मुदखेड ज्या मतदारसंघात येते, त्या भोकरमध्ये शंकरराव चव्हाणांची नात भाजपच्या चिन्हावर निवडून आली. २०१९ मध्ये तेथूनच तिचे वडील काँग्रेसचे आमदार झाले होते. पक्ष बदलला, घर तेच राहिले. परंपरानिष्ठा म्हणतात ती हीच असेल, तर ती पक्षाच्या जाहीरनाम्यात शोधून सापडणार नाही. मात्र घराण्यावरची ही निष्ठाही आंधळी नव्हे, कारण अशोक चव्हाण भाजपमध्ये गेल्यानंतरही जून २०२४ मध्ये नांदेडची लोकसभेची जागा काँग्रेसकडेच गेली होती.

हे कोडे नवे नाही. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा १९७० मध्ये खून झाला आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत कामगारांच्या त्याच वस्तीने शिवसेनेचे वामनराव महाडिक यांना विधानसभेत पाठवले. पुढे १९८२ च्या संपानंतर, १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतही, गिरणगावाने दत्ता सामंतांना लोकसभेवर निवडून दिले. पगारासाठी युनियन, अडीअडचणीला शाखा, गणेशोत्सवाला मंडळ अशी ही विभागणी होती. कामगाराला तीत विसंगती दिसत नव्हती. ती आम्हांस दिसली, कारण माणसाचे सारे आयुष्य एकाच झेंड्याखाली मावावे असा हट्ट आमचा होता.

आमच्या साहित्यानेही हा हट्ट पुष्कळ वेळा केला. कवितेतला कामगार बहुधा पेटलेला असतो, कथेतला पिचलेला. एकादशी न चुकवणारा, युनियनची वर्गणी वेळेवर भरणारा आणि मुलीने जातीबाहेर लग्न केले तर तिचे तोंड न पाहणारा कामगार आम्हांस आढळतो तो शेजारी, पुस्तकात क्वचितच. जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) आम्हांस म्हणूनच मोलाचे वाटते. संपाने उद्ध्वस्त झालेल्या एकाच घरातली मुले तेथे निरनिराळ्या वाटांनी जातात, आणि नाटककार त्यांच्यापैकी कुणालाही शिकवणी देत नाही.

परंतु समजून घेणे म्हणजे निर्दोष ठरवणे नव्हे. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. त्या जमावांत कष्टकरी नव्हतेच असे कोण म्हणेल? ज्याच्याजवळ जपण्यासारखे फारसे काही नसते, तो पुष्कळदा आपल्याहून खाली कोणीतरी आहे, एवढीच गोष्ट जपतो. नामविस्तारासाठी मग १९९४ उजाडावे लागले. ज्या परंपरेच्या उबेविषयी आम्ही येथे सहानुभूतीने लिहीत आहोत, तिचे जळण कोणाच्या दारातून आणले गेले, हे विचारण्याचा पहिला हक्क पोचीराम कांबळे यांच्या माणसांचा आहे.

तरीही दूषण देऊन मत बदलत नाही. कादंबरीतील पात्र चुकीचा निर्णय घेते तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो, त्याच्यापुढे दुसरा कोणता रस्ता होता? त्याला मूर्ख म्हणून मोकळे होणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही गुण देत नाही. मतदाराच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्यापूर्वीच आमचा निकाल तयार असतो. त्याच्या घरी आजार आला, मयत झाली, लग्न निघाले, तेव्हा दारात कोण उभे होते? या प्रश्नाच्या उत्तरात आमच्या विचाराची माणसे बहुधा नसतात. त्याने कोणाला मत दिले यापेक्षा ही गैरहजेरी आम्हांस अधिक बोचायला हवी.