जळालेली दप्तरं, कुलुपातली दप्तरं

आयर्लंडमधलं आपलं मूळ शोधणाऱ्याला पहिल्यांदा आडवी येते ती एक आग. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यांचे वंशज आज अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आजी-पणजीचं गाव शोधत येतात. त्यांना सांगितलं जातं, "जून १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना जळाला. कागद नाहीत."

हे खरंच आहे. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद तिथेच गेले. पण १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारनंच नष्ट केले होते आणि १८८१, १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी दिले गेले. म्हणजे आगीच्या नावावर पुष्कळ काही खपवलं जातं. पूर्ण स्वरूपात हाती येतात त्या १९०१ पासूनच्या जनगणना.

आणि जे कागद उरले, त्यांत बाई सापडणं आणखी अवघड. १८४७ ते १८६४ या काळात कर बसवण्यासाठी घरं-जमिनींची मोजणी झाली. 'ग्रिफिथचं मूल्यांकन' म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यात नाव कुळाचं, म्हणजे बहुतेक पुरुषाचंच. बाई दिसते ती प्रामुख्यानं विधवा झाल्यावर. सातबाऱ्यावर बायकांची नावं लागावीत म्हणून भांडलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको! सरकारी विवाहनोंदीतही तेच. वधू-वर दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा लिहायचा, आयांना रकानाच नव्हता. गंमत म्हणजे कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत आईचं माहेरचं आडनाव बहुधा मिळतं. तेवढ्या एका धाग्यावर अनेकींच्या पणज्या सापडल्या आहेत.

१९११ च्या जनगणनेत मात्र विवाहितेला तीन प्रश्न होते. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, त्यांतली किती हयात आहेत. तक्ता भरायचा कुटुंबप्रमुखानं. शेवटच्या दोन आकड्यांची वजाबाकी करून पाहावी, बाईचं आयुष्य कळतं.

पण मला, दत्तक आणि कुमारी मातांच्या प्रश्नावर काम करणारीला, जास्त अस्वस्थ करतात ती न जळालेली दप्तरं. लग्नाशिवाय आई झालेल्या मुलींना आयर्लंडमध्ये 'माता-बाल गृहां'त ठेवत. २०२१ च्या सरकारी चौकशी अहवालानं अशा १८ संस्था तपासल्या. त्यांत सुमारे ९,००० मुलं दगावल्याचं त्यात नोंदलं आहे. टूम गावच्या गृहातल्या ७९६ मुलांचे मृत्यूचे दाखले कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास-अभ्यासक बाईंनी एकेक करून मिळवले, पण दफनाच्या नोंदी सापडेनात. तिथलं उत्खनन २०२५ मध्ये सुरू झालं. जी मुलं जगली, त्यांतली अनेक दत्तक गेली. काहींच्या जन्मदाखल्यावर तर थेट दत्तक आईबापांचीच नावं जन्मदाते म्हणून लिहिली गेली. २०१८ मध्ये एकाच दत्तकसंस्थेच्या दप्तरात अशी १२६ प्रकरणं उघड झाली. अशा माणसानं मूळ शोधायचं कुठून? त्याचा कागद शाबूत आहे आणि तोच खोटा आहे.

वर्षानुवर्षं या मुलांना उत्तर मिळे, "तुमच्या आईला गुप्ततेचं वचन दिलंय." हे वचन आईनं मागितलं होतं का? माझा अनुभव सांगते. मूल सोपवताना 'नाव कुठे येऊ देऊ नका' असं मुलगी आपणहून क्वचितच म्हणते. म्हणतात ते तिचे वडील, भाऊ, कधी संस्थाही. पुढे मात्र ती गुप्तता तिच्याच नावावर चढते.

२०२२ च्या कायद्यानं दत्तक गेलेल्यांना जन्मदाखला आणि माहिती मिळवण्याचा हक्क दिला. आईनं 'संपर्क नको' असं नोंदवलं असेल, तरी माहिती मिळते. फक्त आधी फोनवर तिची इच्छा समजावून सांगतात. त्यावरही मुलांनी आक्षेप घेतला, की आम्ही प्रौढ माणसं, आम्हाला शिकवणी कशाला? मला हा आक्षेप पटतो. काही मैत्रिणी म्हणतील, यात आईच्या खासगीपणाचं काय? भीती रास्त आहे. एखादी आजही घरच्यांपासून हे लपवून जगत असेल. पण नाव कळणं वेगळं आणि दारात येऊन उभं राहणं वेगळं. नाव मुलाचंही आहे. भेट मात्र दोघांच्या मर्जीनंच व्हावी.

माझी तक्रार वेगळीच आहे. माहितीचा हक्क मिळाला मुलाला. जिच्याकडून मूल घेतलं, त्या आईला मात्र शोधसेवेत अर्ज करून, संपर्काच्या नोंदवहीत नाव घालून वाट पाहत बसावं लागतं. सत्तरी-ऐंशीच्या या बायका. किती वाट पाहतील?