न दिसणारा तडा

बालमित्रांनो, गेल्या आठवड्यात आपण सायकलच्या ब्रेकच्या रबरांची गोष्ट वाचली. आज जाऊया खाडीवर!

आमच्याकडे कोकणात गळ टाकून मासे पकडण्याला 'गरवणं' म्हणतात आणि गळाला 'गरी'. माझ्या दादाला गरवायचं भारी वेड. तो आपला रॉड बाजारातून तयार आणत नाही. कोरी काठी आणतो आणि तिच्यावर एकेक गाईड स्वतः बसवतो. गाईड म्हणजे ज्या कड्यांमधून तंगूस ओवलेला असतो त्या. रिळाजवळचं गाईड सगळ्यात मोठं आणि टोकाकडे जाताना ती लहान लहान होत जातात. मासा ओढायला लागला की काठी वाकते, आणि ही गाईडं तंगूस काठीच्या बाकाबरोबर धरून ठेवतात. त्यामुळे माशाचा जोर एकाच जागी न येता सगळ्या काठीवर वाटला जातो. गाईडचा पाय काठीवर दोऱ्याने घट्ट गुंडाळायचा, वरून पारदर्शक इपॉक्सीचा थर द्यायचा आणि तो सुकेपर्यंत काठी हळूहळू फिरवत राहायची. दादाचे दोन रविवार यातच जातात.

मागच्या मे महिन्यात मी माहेरी गेले होते. दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सातवीत आहे. एका दुपारी ओटीवर चेंडू खेळताना भिंतीला टेकवलेला रॉड धाडकन फरशीवर पडला. त्याने उचलून पाहिला. काठी शाबूत, गाईडं जागच्या जागी. हुश्श! त्याने रॉड होता तसा ठेवून दिला आणि गप्प बसला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे खाडीवर गेलो. भरती लागत होती. अचानक काठी अशी काही वाकली की दादा ओरडलाच, "जिताडा!" मासा एकदा पाण्यावर उसळला. चांगला हातभर लांब होता! आणि तेवढ्यात फट्! तंगूस तुटला.

दादाने उरलेला तंगूस गुंडाळून टोक पाहिलं. गाठ सुटली असती तर तिथे पिळाच्या खुणा दिसल्या असत्या. इथे मात्र तंगूस वीतभर खरवडून पांढरा झाला होता. दादा म्हणाला, "कुठलं तरी गाईड गेलंय."

घरी आल्यावर त्याने कान साफ करायची कापसाची काडी घेतली आणि प्रत्येक गाईडच्या आतून फिरवली. पहिलं गुळगुळीत, दुसरं गुळगुळीत. तिसऱ्यात मात्र कापसाचा एक तंतू अडकून राहिला. भिंगातून पाहिलं, तर कडीला केसाएवढा तडा गेलेला!

आता मला सांगा, नुसतं पडल्याने कडीला तडा कसा गेला? त्यासाठी गाईड नीट पाहायला हवं. त्याचे दोन भाग असतात. बाहेर धातूची चौकट आणि तिच्या आत बसवलेली गुळगुळीत कडी. ही कडी साध्या लोखंडाची का नसते बरं? जुन्या विहिरीच्या काठाचा दगड आठवा. वर्षानुवर्षं दोर घासून त्या दगडावरही चर पडतात. तंगूसाबरोबर तर वाळूचे आणि मिठाचे कण येतात. मऊ धातूत लवकर चर पडतो आणि मग तोच चर तंगूसाला कापतो.

म्हणून कडी अतिशय कठीण पदार्थाची करतात. १८१२ साली फ्रिडरिश मोस या शास्त्रज्ञाने कठीणपणा मोजायची एक श्रेणी तयार केली. तिच्यात आपलं नख साधारण अडीचवर, गारगोटी ७ वर आणि हिरा १० वर. पुष्कळ कड्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या असतात. माणिक आणि नीलम ज्या पदार्थाचे असतात, तोच हा पदार्थ, ९ वर! सिलिकॉन कार्बाइडची कडी त्याहूनही कठीण. पूर्वी परदेशात अकीक दगडाच्या कड्याही वापरत. आपल्याकडच्या काळ्या कातळातही हा अकीक सापडतो.

पण एक गंमत लक्षात ठेवा. कठीण म्हणजे न फुटणारा नव्हे! तारेला ठोका मारला तर ती वाकते. चिनी मातीच्या बशीला ओरखडा पटकन पडत नाही, पण हातातून पडली की ती फुटते. कडीचं तसंच आहे. ती घासून झिजत नाही, पण ठोक्याने तडकते. मासा जोर लावतो तेव्हा तंगूस कडीवर दाबला जातो आणि तड्याची धार सुरीसारखं काम करते.

गाईडं टिकावीत म्हणून दादा काही नियम पाळतो. गरी कधीही कडीत अडकवायची नाही, तिने कडीला टवके जातात. शिसं किंवा गाठ टोकाच्या गाईडवर आपटेपर्यंत रीळ फिरवायचं नाही. खाडीवरून आलं की गोड्या पाण्याने रॉड धुवायचा, नाहीतर खारं पाणी दोऱ्याखाली शिरतं आणि गाईडचा पाय गंजतो. आणि दर वेळी निघण्याआधी कापसाची काडी फिरवायची. त्या दिवशी घाईत तेवढंच राहिलं होतं.

रात्री जेवताना भाच्याचा घास घशाखाली उतरेना. शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, "बाबा, रॉड माझ्याकडून पडला होता. पण काही मोडलेलं दिसलं नाही, म्हणून मी बोललो नाही."

दादा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गाईड बदलता येतं रे. दोरा कापू, नवीन बसवू. मासा गेला त्याचंही काही नाही. पण तो तोंडात गरी आणि मागे चार हात तंगूस घेऊन गेलाय. तो तंगूस आपण परत आणू शकत नाही. तू नुसतं 'पडला' म्हणाला असतास, तर मी त्याच दिवशी काडी फिरवली असती."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून नवीन गाईड बसवलं. इपॉक्सी सुकेपर्यंत काठी फिरवायचं काम भाच्याने मागून घेतलं. पुरे दोन तास!

मित्रांनो, तुमच्याही हातून वस्तू पडतील. माझ्याही पडतात. वरून ठीक दिसली तरी मोठ्यांना सांगून टाका. आणि हो, घरी शिलाई मशीन असेल, तर मोठ्यांना विचारून आणि मशीन बंद असताना, दोरा जिथून जातो त्या कडीतून थोडा कापूस फिरवून पाहा. तंतू अडकला का? मला पत्राने जरूर कळवा हं!

तुमच्या बाई