न उघडणारी पापणी

पापणीचें मिटणें व उघडणें, म्हणजे निमेष आणि उन्मेष, हीं वैशेषिक सूत्रांत आत्म्याच्या लक्षणांमध्यें गणिलेलीं आहेत. नलाचें रूप घेऊन स्वयंवरास आलेले देव दमयंतीनें ज्या खुणांवरून ओळखिले, त्यांत त्यांची न लवणारी पापणी ही एक होती. मनुष्याची पापणी लवेनाशी झाली तर मात्र तें देवत्व नव्हे. बहुधा दुखणें होय.

निरोगी मनुष्याची पापणी मिनिटास सुमारें १५ ते २० वेळां लवते. इंग्लंडांतील जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं वर्णिलेल्या कंपवातांत मेंदूंतील डोपामीन हें द्रव्य उणें पडतें व हातापायांप्रमाणें पापणीही मंदावते. डोळे कोरडे पडून चुरचुरतात. चेहरा निर्विकार, दृष्टि एकटक. घरच्यांस वाटतें, नाना रागावले आहेत.

याहून बिकट विकार टोरोंटो येथील स्टील, रिचर्डसन व ओल्शेव्स्की यांनीं १९६४ सालीं नोंदिला. 'प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी' असें त्याचें लांबलचक नांव. त्यांत रोगी वारंवार, विशेषतः मागें, पडतो. नजर खालीं वळविणें कठीण होतें. आणि कित्येकांची मिटलेली पापणी उघडतां उघडत नाहीं. ती उचलणारा स्नायु लुळा नसतो. मेंदूचा हुकूमच त्यास नीट पोंचत नाहीं. रोगी भुंवया ताणतो, बोटानें पापणी वर करितो. कोणाचा डोळा कानशिलास नुसतें बोट लावतांच उघडतो, आणि पाहणाऱ्यास तें सोंग वाटतें!

"दादा, ताटावर कसले पेंगतां?" असें मुलगा सहज बोलून जातो. दादा जागे असतात व सारें ऐकत असतात. 'डोळे उघडा' म्हणून दटावल्यानें जो डोळा उघडत नाहीं, तोच क्षणभरानें आपोआप उघडतो. यामुळें तर संशय अधिकच बळावतो. मला हा अन्याय दुखण्याहून जड वाटतो.

मूळ विकार बरा करणारें औषध अद्याप नाहीं. परंतु पापणीपुरते उपाय आहेत. डोळा मिटणाऱ्या स्नायूंत बोटुलिनमचें इंजेक्शन दिल्यास पुष्कळांस कांहीं महिने आराम पडतो. चष्म्याच्या चौकटीस पापणीचा आधार बसवितां येतो. कोरडेपणास कृत्रिम अश्रूंचे थेंब आहेत. पापणी पडण्याचीं इतरही कारणें असल्यामुळें मेंदूविकारतज्ज्ञास दाखवावेंच. त्यांच्यासमोर डोळे नेमके उघडे राहण्याचा संभव असतो. यास्तव घरींच मोबाइलवर चित्रफीत घेऊन ठेवावी. आणि जिना उतरतांना रोग्याचा हात सोडूं नये.