पेटीएवढा कोपरा



नाताळ जवळ आला की दारावरचा स्टार बाजारातून येतो, गव्हाण आईबाबा सजवतात आणि मुलं नुसती बघत राहतात. हे बदलायला हवं, असं मला वाटतं.

निर्गम ३५ वाचा. देवाने बसालेलाला आपल्या आत्म्याने भरलं ते हाताच्या कामासाठी. त्याला आणि अहलियाबाला इतरांना शिकवण्याची बुद्धीही दिली. म्हणजे कारागिरी हे देवाचं दान आहे, आणि ते पुढच्या पिढीच्या हाती द्यायचं आहे.

त्याला वेगळी खोली लागत नाही. पांढुर्णा-सौसरला आंबिया बहाराची संत्री निघतात, तेव्हा एक रिकामी पेटी आडवी ठेवा. तिच्यात पऱ्हाटीच्या काड्या, थोडा कापूस, माती, जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणि चिकटवायला खळ. सगळं लेकरांच्या हाताला लागेल असं. कात्री मात्र आपल्याजवळ. खाली जुनी चादर अंथरा, म्हणजे पसारा आवरायला सोपा.

पथ्य एकच: त्यांचं अर्धवट काम आपण पूर्ण करायचं नाही. स्टार वाकडा झाला तर वाकडाच दारावर लावा. नासरेथात सुतारकाम करणारे आपले प्रभूसुद्धा ते काम हळूहळूच शिकले असतील.