गायकीचा उन्हाळा

'गायकी' हा शब्द वाचून पुण्यामुंबईच्या वाचकाला संगीताचे एखादे घराणे आठवेल. आमच्या झाडीपट्टीत गायकी म्हणजे गावची गुरे राखणारा माणूस. गेल्या वैशाखात नवेगावबांधकडच्या एका खेड्यात अशाच एका गायकीच्या मागे मी दोन दिवस हिंडलो. निमित्त कादंबरीचे होते. परतलो तेव्हा कादंबरी मागे पडली होती आणि डोक्यात हिशेब घोळत होता. तीस-पस्तीस वर्षे बँकेत घालवलेल्या माणसाचे असेच होते.

पहाटे पाचला तो गावाबाहेरच्या आखरावर उभा होता. त्याची बायको आणि सून त्याच्याही आधी तेंदूपत्ता तोडायला रानात गेलेल्या. चैत्रात मोहफुले वेचायची, वैशाखात तेंदूपत्ता. या घरात रोकड येते ती मुख्यतः या दोन महिन्यांत. गुरे राखण्याची मजुरी पूर्वी धानात मोजून मिळे. आता जनावरामागे महिन्याला काही रुपये ठरतात आणि निम्मे गाव ते थकवते. शाळेला सुट्टी असल्यामुळे दहा वर्षांची नात आजोबांबरोबर होती. कोणती गाय कोणाची, कोणती शिंगे मारते, कोणती मोहफुलांच्या वासाने कळपातून निसटते, हे तिला पाढ्यांसारखे पाठ होते. नऊ वाजताच ऊन असे तापले, की गुरे तलावाच्या पाळीवरून उतरून गाळात जाऊन उभी राहिली. पाळीवरच्या मोहाखाली आम्ही तिघे बसलो. पाणी पाळीपासून किती पावले हटले, यावर तो म्हातारा उन्हाळा मोजतो. यंदा फार हटले होते.

माझ्या नोकरीच्या उमेदीत, म्हणजे गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता तेव्हा, अशा आखरावर दोन-अडीचशे गुरे सहज जमत. त्या दिवशी साठ-सत्तर होती. एका गावावरून निष्कर्ष काढू नये हे खरे, पण पशुगणनेचे आकडे निराळे काही सांगत नाहीत. २०१२ साली महाराष्ट्रात गाय-बैल सुमारे १५५ लाख होते, २०१९ साली सुमारे १४० लाख राहिले. तेही देशातली एकूण संख्या किंचित वाढलेली असताना.

मग गाय नकोशी झाली का? तसे म्हणायला जागा नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळेतल्या देशी गायीमागे दिवसाला ५० रुपयांचे अनुदान मंजूर केले. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियातल्या चिखलात राबणाऱ्या लहानखुऱ्या 'कठाणी' गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच राष्ट्रीय नोंद झाली. गौरवाला तोटा नाही. पण फाटकाआड बांधलेल्या गायीमागे पन्नास रुपये आणि रानात चरणाऱ्या गायीमागे काहीच नाही, हा हिशेब कोणत्या खतावणीतला? गोशाळांना पैसे देऊ नयेत असे मी म्हणत नाही. भाकड जनावरे कोणी तरी सांभाळली पाहिजेतच. १९७६ च्या कायद्याने गायीची आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैलाचीही कत्तल बंद झाली. तोवर म्हातारा बैल हे शेतकऱ्याचे मुदत ठेवीचे खाते होते. ते अडीनडीला मोडता येई. खाते बंद झाले, चारा मात्र रोज घालावा लागतो. ज्याला तो परवडत नाही, तो जनावर मोकाट सोडतो किंवा मुळात ठेवतच नाही.

खरी अडचण उन्हाळ्याच्या चार महिन्यांची आहे. धान निघाले, की बांध्या जणू गावाच्या होत आणि गुरे धसकटांवर चरत. इटियाडोह प्रकल्पाच्या पाण्यावर उन्हाळी धान आले. शेतकऱ्याला दुसरे पीक मिळाले, याचा आनंदच आहे. पण त्या हिरव्या बांध्यांच्या कडेने गुरे हाकताना गायकीचा जीव मुठीत असतो. एक गाय आत शिरली, की भांडण त्याच्या दारी. कापणीला हार्वेस्टर आला. पूर्वी मळणीनंतर तणसीचा ढीग घरामागे लागे, तोच उन्हाळ्याचा विमा. यंत्रामागे तणीस शेतात विखुरते. ती गोळा करायला मजूर परवडत नाही, म्हणून पुष्कळदा तिथेच पेटवतात.

उरले झुडपी जंगल. १९५१ साली मालगुजारी गेली आणि गावोगावची खुरट्या झुडपांची पडीक जमीन, जिथे गुरे चरत, महसुली दप्तरात या नावाने राहिली. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत मिळून ती सुमारे ८६ हजार हेक्टर भरते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कायद्याने वनच आहे असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनी एकवेळचा अपवाद म्हणून नियमित करण्याची वाट ठेवली. जंगल वाचले पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. निकालानंतर घरे, शाळा, कचेऱ्या, शेती यांचे काय होणार, यावर आमच्याकडे भरपूर चर्चा झाली. ज्या गुरांसाठी ती जमीन होती, त्यांची आठवण त्या चर्चेत मला क्वचितच ऐकू आली. गुरांना वाटपपत्र नसते आणि गायकीलाही नसते.

इथे माझेही एक पाप सांगितले पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून आम्ही संकरित गायींसाठी कर्जे वाटत होतो. उद्दिष्ट वरून यायचे, मार्चअखेर गाठायचे. अर्जावर 'चारापाण्याची सोय' असा एक रकाना असे. त्यात मी न पाहता 'आहे' असे लिहीत असे. एका गायकीच्याच घरी अशी गाय दिली. मे महिन्यात ती धापा टाकत मेली. विम्याच्या बिल्ल्यासकट कान कापून, पळसाच्या पानात बांधून तो शाखेत घेऊन आला. दावा मंजूर झाला, पैसे कर्जखात्यात जमा झाले, खाते बंद. आमच्या दृष्टीने प्रकरण मिटले. त्याची बायको मात्र दारातच उभी राहून म्हणाली, "साहेब, गाय त देल्ली जी तुमी, पन सावली कोन देईल?" त्या रकान्यात सावलीचा उल्लेख नव्हता.

अमेरिकेच्या गवताळ पठारांवरची गोपालक कुटुंबे आपण सिनेमात पाहतो. त्यांचा उन्हाळा म्हणजे सुगी. गुरे कुरणात पसरतात, सुट्टीतली मुले कुंपणे दुरुस्त करतात, गवत कापून हिवाळ्यासाठी रचले जाते. त्यांचा वैरी हिवाळा, आपला उन्हाळा. पण मला त्यात बँकवाल्याच्या नजरेने दुसरेच दिसते. पश्चिमेकडच्या यातल्या अनेक कुटुंबांची गुरे १९३४ च्या चराई कायद्यानुसार सरकारी जमिनीवर चरतात. २०२५ साली वासरासह गायीमागे महिन्याला शुल्क होते १.३५ डॉलर. आणि या चराईचा परवाना कागदावर, कुटुंबाच्या नावे असतो. तिथली बँक तो पाहून कर्ज देते. एवढ्या स्वस्त चराईवर तिकडेही टीका होते, आणि ती रास्तही असेल. पण निदान वाद घालायला कागद तरी आहे.

आपल्याकडे कागद अगदीच नाही असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये चराईचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्रामसभेने दावा केला, तर उन्हाळ्यात कोणत्या रानात, किती गुरे, कोणत्या पाण्यावर, हे ठरवता येते. पण ग्रामसभेत दावा मांडायचा कोणी? गायकी बहुधा भूमिहीन आणि बहुधा गोवारी. याच समाजाचा मोर्चा २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात अधिवेशनावर गेला होता आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली, त्यांत बाया-मुलेच अधिक. २०१८ साली उच्च न्यायालयाने आदिवासी म्हणून त्यांचा दावा मान्य केला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनात ढाल घेऊन ते नाचतात, तेव्हा गाव हौसेने पाहायला जमते. बैठकीत त्यांना मागे बसवतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आखरावर मोजणी झाली आणि एक गाय कमी भरली. नवेगाव-नागझिऱ्याला २०१३ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडून वाघिणीही आणून सोडल्या. गाय मेली, तर भरपाई मालकाला मिळते. म्हातारा काही न बोलता बॅटरी घेऊन परत रानाकडे निघाला. घरी बायको आणि सून अंगणात पानांचे पुडे बांधत बसल्या. कोणी बोलत नव्हते. नात वाटेकडे तोंड करून उंबऱ्यावर बसली होती.

साडेआठ वाजून गेल्यावर घाटीचा आवाज आला. गाय पुढे, तो मागे. मालकाने दोर हाती घेतला, गायीच्या पाठीवरून हात फिरवला आणि कोठ्याकडे वळता वळता म्हणाला, "उद्या जरा लवकर सोडजो."