जुना क्रमांक, माहेरची यादी

रायपूर : निवडणूक आयोगाने २७ ऑक्टोबर २०२५ रोजी विशेष सखोल पुनरीक्षणाचा दुसरा टप्पा जाहीर केला. त्यातील बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. विदर्भातून लग्न होऊन उरला-बिरगावच्या कारखानी वस्तीत आलेल्या स्त्रियांची अडचण नेमकी या फटीत आहे.

मतदार छायाचित्र ओळखपत्रे १९९३ पासून, टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत, देण्यास आरंभ झाला. सुरुवातीच्या पत्रांवरील क्रमांक राज्याची अक्षरे व तिरप्या रेघांनी तोडलेले आकडे असा लांबलचक असे. पुढे तीन अक्षरे आणि सात आकडे ही दहा स्थानांची पद्धत आली व जुने क्रमांक क्रमाक्रमाने बदलले गेले. छत्तीसगड तर १ नोव्हेंबर २००० रोजी जन्मले; त्यापूर्वी रायपुरात मिळालेले पत्र मध्य प्रदेशाचे. बदलातही सावळागोंधळ झालाच. काही नोंदणी अधिकाऱ्यांनी नेमून दिलेली मालिका न वापरल्याने दोन राज्यांतील भिन्न मतदारांना एकच क्रमांक गेला. आयोगाने मार्च २०२५ मध्ये हे मान्य करून तीन महिन्यांत निराकरणाचे आश्वासन दिले.

पुरुषाच्या बाबतीत क्रमांक बदलला तरी नाव, वडील आणि बहुधा गाव तेच राहते. विवाहितेचे चारही बदलतात. पत्रावर वडिलांच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव नवे, पत्ता सासरचा. पुनरीक्षणाच्या प्रपत्राने मात्र मागच्या सखोल यादीतील, छत्तीसगडात २००३ च्या, नोंदीशी सांधा मागितला. स्वतःचे नाव नसेल तर आईवडील वा आजीआजोबांचे चालते. पती व सासऱ्यांचे नाही. म्हणजे ज्या नात्याने तिला शासनदरबारी वीस वर्षे ओळखले, तेच नाते ऐनवेळी निरुपयोगी! अन्य राज्याच्या यादीतील नोंदही ग्राह्य धरण्यात आली, हा दिलासा खरा. पण महाराष्ट्राच्या जुन्या यादीत वडिलांचा भाग क्रमांक शोधायचा कोणी? माहेरी फोन करून, भावाला तहसिलीत धाडूनच ते साधते.

दुसरी बाजूही नाकारता येत नाही. माहेरचे नाव न कमी करता सासरी नवे नाव घालणे ही सर्रास चाल आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची कलमे १७ व १८ दुहेरी नोंदणीस मनाई करतात आणि खोट्या निवेदनास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. बिहारमध्ये प्रारूप यादीतून ६५ लाख नावे गळाली, त्यांत सुमारे सात लाख दुबार होती. परंतु लग्नानंतर नाव दुसऱ्या मतदारसंघात नेण्यासाठी पूर्वी नव्या मतदाराचाच अर्ज क्रमांक ६ भरावा लागे. स्थलांतर, दुरुस्ती व बदली पत्र यांसाठी एकच अर्ज क्रमांक ८ ऑगस्ट २०२२ मध्ये आला. तोपर्यंतच्या दुबार नोंदींचा दोष एकट्या बाईच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

उरल्यात प्रश्न मतापुरता उरत नाही. मार्च २०२४ पासून महतारी वंदन योजनेचे महिना एक हजार रुपये विवाहितांच्या आधार-संलग्न खात्यात जमा होऊ लागले. आधारावर माहेरचे, पासबुकावर सासरचे आणि मतदारपत्रावर तिसऱ्याच वळणाचे नाव असले की प्रत्येक खिडकीवर वेगळा पुरावा लागतो. नवा क्रमांक देताना जुना क्रमांक व जुने नाव त्याच नोंदीत राखून ठेवणे संगणकाच्या काळात अवघड नाही. मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याला ते पडद्यावर दिसले, तर भावाची तहसिलीतील फेरी वाचेल.