बलून मात्र वेळेवर

बिदर जिल्ह्यातल्या जलसंगी गावात शनिवारी, १८ जानेवारी २०२५ ला सकाळी आभाळातून जे उतरले ते काय होते, हे एव्हाना सर्वांना कळले आहे. ते चीनचे नव्हते, पाकिस्तानचे नव्हते आणि परग्रहावरचे तर नव्हतेच. ते हैदराबादचे होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तिथल्या बलून केंद्राने आदल्या रात्री सोडलेला फुगा पोटाखाली यंत्रांची पेटी घेऊन रात्रभर वाऱ्यावर हिंडला आणि उजाडता उजाडता हुमनाबाद तालुक्यातल्या एका घरावर येऊन टेकला. गाव गोळा झाले, पोलीस आले, शास्त्रज्ञांना निरोप गेला. हे जलसंगी तेच, जिथल्या चालुक्यकालीन देवळाच्या भिंतीवर शिलालेख लिहिणारी सुंदरी कोरली आहे. त्या मूर्तीसाठी मराठवाड्यातून किती माणसे आजवर तिकडे गेली असतील, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. प्लास्टिकचा फुगा पडला म्हणून गावाचे नाव निदान सगळ्यांच्या तोंडी आले.

आम्हाला मौज वाटते ती फुग्याची नाही, त्याच्या सूचनेची. हैदराबादचे केंद्र असे फुगे सोडण्याआधी एक निवेदन काढते आणि ते वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर येते. त्यात पेटी जिथे उतरू शकेल त्या जिल्ह्यांची नावे असतात आणि नांदेड, लातूर, परभणी, सोलापूर ही त्या यादीतली नेहमीची मंडळी. विशाखापट्टण–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास, हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरवर पेटी उतरण्याचा संभव असतो, असे त्यात म्हटलेले असते. लातूर आणि नांदेडचे नाव एकाच यादीत, एकाच ओळीत आणि तेही भांडणाशिवाय! विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या वादानंतर हे दृश्य दुर्मिळच.

पुढे जनतेला आवाहन असते. पेटी सापडल्यास उघडू नका, हात लावू नका, आत उच्च दाबाची वीज असू शकते. जवळच्या पोलिसांना कळवा, किंवा पेटीवर लिहिलेल्या पत्त्यावर आणि फोनवर संपर्क साधा. म्हणजे लांब राहा ही सूचना, आणि संपर्काचा नंबर वाचायचा तर पेटीला नाक लावा. हे पार पाडणाऱ्यास योग्य ते बक्षीस मिळेल. योग्य म्हणजे किती, ते गुलदस्त्यात. कळवण्यासाठी झालेला वाजवी खर्चही मिळेल. पण यंत्रांशी छेडछाड झालेली आढळली तर बक्षीस रद्द. पहाटे तुरीच्या शेतात गेलेल्या माणसाने आभाळातून रंगीत पॅराशूट आणि दिवे लागलेली पेटी उतरताना पाहावी आणि त्याच्या मनात पहिला विचार यावा तो बक्षिसाच्या अटींचा, अशी ही अपेक्षा. फुगा वर फुलतो तेव्हा त्याचा व्यास पन्नास ते पंच्याऐंशी मीटर असतो. एवढे प्लास्टिक आयतेच बांधावर आले, तर आमचा शेतकरी तुरीच्या गंजीवर टाकील की ठाण्यात जमा करील, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

सूचनेच्या बाबतीत फ्रान्सचे सरकारही फार पुढे नव्हते. २७ ऑगस्ट १७८३ रोजी जाक शार्ल यांनी पॅरिसहून हायड्रोजनचा पहिला फुगा सोडला. तो गोनेस नावाच्या खेड्यात पडला आणि गावकऱ्यांनी तो राक्षस समजून दाताळी मारून मारून फाडला. मग सरकारने निवेदन काढले : आभाळात असे काही काळे दिसले तर घाबरू नये, ते कापडाचे यंत्र आहे, त्याने अपाय होत नाही. फुगा आधी, खुलासा मागून. आपण प्रगती केली ती एवढीच, की खुलासा आधी निघतो आणि पोचतो मागून. जलसंगीच्या माणसांनी दाताळी उचलली नाहीत, मोबाइल उचलले, याचे श्रेय आवाहनाला द्यायचे की गावाच्या समजूतदारपणाला, ते वाचकांनी ठरवावे. आमच्या मते ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आदल्या संध्याकाळी दोन वाक्ये मराठीत, दोन कानडीत सांगितली असती तरी पुरले असते. पण तेवढ्यासाठी कोणीतरी ग्रामपंचायतीला फोन करावा लागतो, आणि तो करण्याचा शासन निर्णय अजून निघालेला नाही.

विमानांना मात्र बरोबर कळते. फुगा रात्री किंवा पहाटे सोडायचा, हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी आधी बोलायचे, वैमानिकांसाठी इशारा प्रसृत करायचा, ही शिस्त काटेकोर असते आणि ती असायलाच हवी. प्रवासी विमाने दहा-बारा किलोमीटर उंचीवर उडतात, हे फुगे तीस ते बेचाळीस किलोमीटरवर जातात. वर पोचलेल्या फुग्याचा विमानाला उपद्रव नाही. धोका असतो तो चढताना आणि पेटी उतरताना. शमशाबादसारखा गजबजलेला विमानतळ शेजारी असताना ही कसरत वर्षानुवर्षे सुखरूप पार पडते, याबद्दल टाटा संस्थेच्या मंडळींचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

लातूरकडे आले की ही चिंता आपोआप मिटते. धावपट्टी आहे, इमारत आहे, नियमित विमान नाही. फुगा विमानाला धडकायला आधी विमान लागते. २००९ साली औद्योगिक विकास महामंडळाने नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीला ९५ वर्षांच्या कराराने दिले. म्हणजे २१०४ पर्यंत. त्यानंतर ते परत घेण्याच्या घोषणा इतक्या वेळा झाल्या की त्यांचेच एक वेळापत्रक छापता यावे. नांदेडला २००८ च्या गुरुतागद्दी सोहळ्याने धावपट्टी मोठी मिळाली. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच दिवशी हैदराबादचे विमानही मिळाले, पण ते चालवणारी ट्रूजेट कंपनी पुढे स्वतःच जमिनीवर आली. मुंबईचे विमान कधी सुरू, कधी बंद. हैदराबादहून लातूरकडे ठरल्या दिशेने, पूर्वसूचना देऊन आणि विनाअनुदान हवेतून येणारे वाहन आजघडीला एकच आहे, ते म्हणजे हा फुगा. परतीची सोय नाही एवढाच काय तो दोष. लातूरकरांनी लोकप्रतिनिधींमार्फत आसनव्यवस्थेची मागणी करून पाहायला हरकत नाही.

लातूर जिल्ह्याच्या आभाळात खरा धोका कशाचा, ते मे २०१७ मध्ये निलंग्याला दिसलेच. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच खाली आले आणि विजेच्या तारांत अडकले. सगळे सुखरूप बचावले. त्या तारा कुठल्याही बंदी आदेशात नव्हत्या. बंदी आदेशांचे शास्त्र निराळेच असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी तीस दिवसांसाठी ड्रोन, रिमोटवर उडणारी छोटी विमाने आणि पॅराग्लायडर यांच्या पंक्तीत हवाई क्षेपणास्त्रांनाही मनाई केली होती. तीस दिवस संपल्यावर क्षेपणास्त्र बाळगणाऱ्यांनी काय करायचे, हे विचारायला कोणी गेले नसावे. आपल्याकडेही मोठा नेता येणार म्हटले की पॅराग्लायडर आणि हॉट एअर बलूनवर बंदी येते. कामशेतला पर्यटक अशा फुग्यातून हिंडले असतील, पण कंधार किंवा औशाच्या आभाळात बर्नर पेटवून कोणी उडतो आहे, हे पाहण्याचा योग यायचा आहे. तोवर बंदी शंभर टक्के यशस्वी.

पण फुग्याची टर उडवताना पेटीत काय असते तेही सांगितले पाहिजे. याच हैदराबाद केंद्रातून जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने फुगे सोडले गेले. त्या फुग्यांनी ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. दुसऱ्या फेरीत द्रवरूप निऑनने गारठवलेल्या नळ्यांत जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या. त्यांतल्या एकीला आर्यभटाचे, तर एकीला फ्रेड हॉएल यांचे नाव दिले गेले. एवढे मोलाचे ओझे पॅराशूटला टांगून कोणाच्याही शिवारात उतरते. ते एखाद्या हौशी माणसाने पक्कड लावून उघडले तर आर्यभटाच्या नावाचा जीव कायमचा निनावी राहील. म्हणून तरी ग्रामपंचायतीला त्या दोन वाक्यांचा फोन व्हावा.

तोपर्यंत पेटी नांदेड-लातूरच्या शिवारात उतरलीच तर उघडू नये. लांबून नंबर वाचता आला तर वाचावा, नाहीतर ठाणे गाठावे. वाजवी खर्चाच्या पावतीत एसटीचे तिकीट बसेल. लातूरकरांना विमानाचे जोडायचा मोह होणार नाही, कारण ते मिळतच नाही.